पित्ताचे खडे

चष्म्याच्या दुकानात आईचा चष्मा काउंटरवर ठेवून मी दुकानदाराला सांगत होते की फ्रेम हीच राहू दे, काचा तेवढ्या माझ्या नंबरच्या घाला, एवढ्यात शेजारच्या माणसाने तो चष्मा सरळ उचलला आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "हा आईंचा ना?" डाव्या काडीच्या बिजागरीला आईने निळा दोरा गुंडाळला होता, त्यावर त्याने अंगठा फिरवला. "दोन तास माझ्या खिशात होता हा. दोरा बघितल्यावर विसरीन कसा." मी त्याला चेहऱ्याने ओळखलं नसतं. स्कॅनच्या खोलीत तो कायम मास्क लावून असायचा. पण आवाज ओळखला. मशीन चालवणारा. आई त्याला श्वास-मास्तर म्हणायची. "काय, काडी तुटली परत?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हो." "आणि आई? बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बरी आहे."

दुकानदाराला मी थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं की आई गेली, फ्रेम चांगली आहे, वाया कशाला घालवायची. आता त्याने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसराच कुठला तरी चष्मा पुसायला घेतला. त्याचं ते सभ्य पुसणं मला सहन होईना. मी काही ठरवून खोटं बोलले नव्हते. अंधाऱ्या खोलीत हात आपोआप बटणाकडे जातो तसं ते वाक्य आलं. जवळजवळ दोन वर्षं मी हेच उत्तर देत होते, जिन्यात, फोनवर, ऑफिसात, भाजी घेताना. आई कशी आहे, बरी आहे. आई नसल्याने त्या वाक्याला काही फरक पडलेला दिसत नव्हता. श्वास-मास्तरचा चेहरा मात्र खुलला. "वाटलंच मला," तो म्हणाला. "अहो, अजून सांगतो मी सगळ्यांना. असा पेशंट होणे नाही. दर वेळी श्वास तिथल्या तिथे. कॅलेंडर खिळ्यावर अडकवावं तसा. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, या बाईंना नोकरीला ठेवा." मग त्याचा आवाज जरा खाली आला. त्यांच्याकडे एक बाई येतात, तो म्हणाला, तुमच्या आईंसारखीच केस. गाठ लहान आहे, पण वरच्या कडेला. श्वास धरा म्हटलं की घाबरतात, एकदा टेबलावरून उठून चालत्या झाल्या. "मी समजावायला गेलो तर म्हणाल्या, तुमच्या पोटात गेली आहे का सुई कधी? आता याला काय उत्तर देणार? आईंना म्हणावं, त्यांच्याशी फोनवर दोन शब्द बोलतील का? नंबर द्या, मी त्यांना करायला सांगतो."

मी नंबर दिला. आईचा.

तिथून ऑफिसपर्यंत चालत जाताना मी स्वतःला समजावत होते की दुकानात उभं राहून परक्या माणसाला ते सांगणं बरं दिसलं नसतं, त्याचा आनंद कशाला घालवायचा, वगैरे. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाकडे अशा कारणांचा तुटवडा नसतो. पण खरं कारण त्यापेक्षा लहान होतं आणि मला ते माहीत होतं. तो पुढचा प्रश्न विचारेल, कशाने गेल्या, याची मला भीती वाटली होती. तो तेही विचारणारच, त्याचं कामच ते, आणि मला म्हणावं लागलं असतं, लिव्हरने. हा शब्द त्या खोलीत मी शंभरदा ऐकला असेल. डॉक्टर तो सहज उच्चारत, आपण गुडघा म्हणतो तसा. आमच्या घरात तसं नव्हतं. आमच्या घरात लिव्हर म्हणजे मामा. आईचा सख्खा भाऊ, ज्याला लोक जिन्यातून उचलून आणायचे, जो शेवटी पिवळा होऊन, पोट फुगून गेला आणि ज्याच्याविषयी आजोळी नंतर एकच वाक्य बोललं जायचं, "त्याचं लिव्हर गेलं." ते म्हणताना आवाज खाली यायचा, पंख्याचा वेग कमी केल्यासारखा. मी लहान असताना मला वाटे की लिव्हर हा अवयव फक्त वाईट माणसांना असतो.

त्यामुळे डॉक्टरांनी पहिल्या भेटीत, कागदावरून मान न उचलता, मद्यपान विचारलं तेव्हा मी आईकडे पाहिलं. एवढंच. एक क्षणसुद्धा नाही. आई जिने लग्नातल्या सरबतालासुद्धा वास घेऊन तोंड लावलं, तिच्याकडे मी, तिच्या पोटची मुलगी, खात्री करून घ्यावी तशी पाहिलं. मग मी म्हणाले, "छे, छे. अजिबात नाही." पण त्या छे-छेच्या आधी ते पाहणं होऊन गेलं होतं. बाहेर आल्यावर, लिफ्टची वाट बघताना, आई चपलेत पाय नीट सरकवत म्हणाली, "बघत काय होतीस माझ्याकडे?" मी म्हटलं, कुठे काय. "बरं," ती म्हणाली. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही. डॉक्टरांनी नंतर सगळं समजावून सांगितलं होतं, की दारूचा काही संबंध नाही, वर्षानुवर्षं रक्तात साखर असली, लिव्हरमध्ये चरबी साठत गेली, तरी ते असंच निबर होतं, आणि निबर लिव्हरमध्ये गाठी धरतात. मला ते पटलं. मी घरी येऊन त्याविषयी वाचलंसुद्धा, पुष्कळ वाचलं. पण पटणं वेगळं आणि संध्याकाळी मावशीचा फोन आल्यावर तो उचलणं वेगळं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, मामाचीही बहीण. "काय निघालं गं?" तिने विचारलं. आई हात पुढे करून फोन मागत होती. मी फोन तिला न देता म्हटलं, "पित्ताचे खडे." आईचा हात तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि पदराला पुसला.

पुढे आई त्या खड्यांत तरबेज झाली. शेजारणीला सांगायची, "दोन आहेत, एक आळशी आहे, एक फिरता." गाठ एकच होती. शेंगदाण्यापेक्षा मोठी, सुपारीपेक्षा लहान, असं डॉक्टर म्हणाले, आणि आई लगेच म्हणाली, "मग अडकित्ता आणा, सुया कशाला?" कापून काढण्याइतकं उरलेलं लिव्हर धड नव्हतं, म्हणून सुईने जायचं, सुईचं टोक गाठीच्या मधोमध ठेवायचं आणि टोक तापवून गाठ जागच्या जागी भाजून टाकायची, असा बेत होता. पोट उघडायचं नाही. सुई कुठे चालली आहे ते स्कॅनमध्ये बघत बघत जायचं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. गाठीभोवती त्यांनी आणखी एक मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, एवढं सगळं जाळायचं, गाठीबाहेरचं चांगलंही थोडं, नाहीतर कडेला काहीतरी उरतं. आईने ते वर्तुळ बराच वेळ पाहिलं. "जाळा," ती म्हणाली. "एकदम नको पण. हप्त्याहप्त्याने." डॉक्टर हसले. मी हसले नाही. दारापाशी कोणी ओळखीचं बसलेलं नाही ना, याकडे माझं लक्ष होतं.

अडचण एवढीच होती की गाठ लिव्हरच्या अगदी माथ्यावर, छातीच्या पडद्याखाली होती, आणि श्वासाबरोबर लिव्हर खालीवर होतं. चित्र काढताना श्वास एका उंचीवर आणि सुई घालताना दुसऱ्या, असं झालं तर सुई भलतीकडे. म्हणून पूर्ण झोपवायचं नाही, थोडी गुंगी, जागा बधिर, आणि दर वेळी श्वास सोडून तिथेच थांबायचं. मशीनमध्ये भरून ठेवलेला आवाज कुठल्यातरी बाईचा होता, आगगाडीची वेळ सांगावी तसा, आणि आईला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. सरावाच्या दिवशी ती दर वेळी उशिराने थांबली. तेव्हा श्वास-मास्तर म्हणाला, "घरात त्या कुणाचं ऐकतात?" आई म्हणाली, "कुणाचंच नाही." पण त्याने मला काचेमागच्या खोलीत नेलं आणि माईक माझ्यासमोर सरकवला. घरी आम्ही आठवडाभर सराव केला. ती पलंगावर, हात डोक्यावर, मी दाराबाहेर उभी. घे. सोड. थांब. तिच्या पोटावर मी एक पुस्तक ठेवायची आणि ते दर वेळी त्याच उंचीवर थांबतं का ते बघायची. "कधी नव्हे ते तुझ्या पुस्तकांचा उपयोग झाला," ती म्हणाली.

त्या दिवशी काचेपलीकडे ती निळ्या कापडाखाली दिसतसुद्धा नव्हती, फक्त तळवे. मशीनच्या पडद्यावर तिचं आतलं करड्या रंगात, आणि त्यात बाहेरून आत येत जाणारी एक पांढरी सरळ रेघ. "आई, घे," मी माईकमध्ये म्हणाले. "सोड. थांब." ती थांबली. रेघ थोडी पुढे गेली. "घे आता." तिचा श्वास सुटल्याचा आवाज माझ्याकडच्या स्पीकरमधून आला, कानाजवळून आल्यासारखा. पुन्हा. पुन्हा. इतकी ती आयुष्यात कधी माझ्या आज्ञेत नव्हती. टोक मधोमध बसल्यावर डॉक्टर म्हणाले, चालू करा, आणि बाहेरून काहीच घडलेलं दिसलं नाही, एक पंप तेवढा गुरगुरत राहिला. मधे एकदा आई म्हणाली, "खांदा दुखतोय," आणि श्वास-मास्तर मला म्हणाला, दुखणारच, छातीच्या पडद्याजवळ तापवलं की दुखणं खांद्यात निघतं, तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. त्या माईकवर, सगळ्यांसमोर, माझ्या आईशी बोलायला माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. शेवटी मी पुन्हा म्हणाले, "घे. सोड," आणि खोलीतले सगळे हसले, कारण आता त्याची गरज नव्हती.

गाठ गेली. महिन्याने काढलेल्या चित्रात तिच्या जागी एक गुळगुळीत काळा डाग होता, ठरल्याहून थोडा मोठा, हवा होता तसा. त्या जागेने पुढे कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो उरलेल्या सगळ्याने. निबर झालेलं लिव्हर हळूहळू काम सोडत गेलं, आणि दोन वर्षं भरायच्या आत पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, मामाचे झाले होते तसेच. मी मावशीला सांगितलं, कावीळ आहे, खड्यांमुळेच होते. भेटायला यायचं ती म्हणाली की मी म्हणायची, डॉक्टरांनी मनाई केली आहे, जंतू लागतील. शेवटच्या दुपारी आईचा श्वास मधेच थांबायचा आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. मी शेजारी बसले होते. तो थांबला की माझ्या तोंडाशी शब्द यायचा आणि कुठला म्हणायचा ते कळायचं नाही. घे म्हणायचं की सोड. मी काहीच म्हटलं नाही, आणि एकदा तो थांबला तो थांबलाच.

त्या बाईंचा फोन चष्म्याच्या दुकानानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. आईचा फोन मी चार्ज करून ठेवत असे, का ते मला कुणी विचारलं नव्हतं. पडद्यावर अनोळखी नंबर. मी उचलला. मागे नळ चालू असल्याचा आवाज येत होता. "श्वासवाल्या ताई ना तुम्ही?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं. "मला त्या मशीनवाल्याने नंबर दिला. जरा हळू बोलते हं, बाथरूममध्ये आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही." मी "हो" म्हटलं. त्या होचा अर्थ मला नंबर बरोबर आहे एवढाच म्हणायचा होता, निदान पहिल्या क्षणी. पण बाईंना फार घाई होती. सुई आत जाताना कळतं का? मी म्हटलं, दाबल्यासारखं वाटतं, दुखत नाही. भाजतं का? नाही, पोटात काही वाटत नाही, खांदा दुखतो. कुणाचा खांदा, असं मला बोलता बोलता वाटलं, तरी मी थांबले नाही. "मी घरी सराव केला," मी म्हणाले. "पोटावर पुस्तक ठेवायचे. सगळा श्वास सोडायचा नाही, सहज जेवढा सुटतो तेवढाच सोडून थांबायचं, मग दर वेळी त्याच ठिकाणी येतो." माझा आवाज किंचित जाड झाला होता. मी आईचे शब्द वापरत होते, तिचं ते "हं, तर मग," तिचं वाक्याच्या शेवटी खाकरणं. बाईंचा आवाज हळूहळू सैल होत गेला. "मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. सुनेला वाटतं मला अ‍ॅसिडिटी आहे. लिव्हर म्हटलं की लोक काय समजतात माहीत आहे ना. आमच्या ह्यांनीसुद्धा माझ्याकडे असं बघितलं." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही काय सांगितलंत घरी?" "खडे," मी म्हटलं. त्या हसल्या, तोंडावर हात ठेवून हसल्यासारख्या. "हे बरं आहे. खडे. मला नाही सुचलं. आणि आता? आता कशा आहात तुम्ही?"

नळ चालूच होता. मी म्हटलं, "मी त्यांची मुलगी बोलते. आई गेली."

मग बाई, आवाज न चढवता, म्हणाल्या, "मग मघापासून पोटावर पुस्तक ठेवून श्वास कोण धरत होतं?" मी म्हटलं, "तीच. मी बाहेरून सांगत होते." "कशाने गेल्या?" "लिव्हरने," मी म्हटलं. हा शब्द घराच्या भिंतींमध्ये मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला असेन. "गाठीने नाही. गाठ पूर्ण गेली होती, ती जागा शेवटपर्यंत साफ होती. उरलेलं लिव्हर थकलं. तुमचं तसं होईलच असं नाही. डॉक्टरांना विचारा. पण गाठ जाते, ते खरं आहे." बाईंनी विचारलं, "किती दिवस मिळाले मग त्यांना?" "दोन वर्षांना थोडे कमी." "त्यात काय केलं त्यांनी?" मला वाटलं, काहीतरी सांगावं. ती फिरली, पाहुण्यांकडे राहिली, भाचीच्या लग्नात नटून बसली. यातलं एकही झालं नव्हतं. लग्नाला मी जाऊ दिलं नव्हतं, तिथे उजेड फार असतो, पिवळे डोळे दिसतील म्हणून. "घरात राहिली," मी म्हटलं. "मी राहायला लावलं. कुणाला कळू नये म्हणून." मग नळ बंद झाला. "सोमवारी बोलावलंय मला," त्या म्हणाल्या. जाणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला शिव्याही दिल्या नाहीत, ज्या मी घ्यायला तयार होते. "ठेवते," म्हणाल्या आणि ठेवला.

फोन हातात गरम झाला होता. तो खाली ठेवला तर पुन्हा उचलणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी तसाच मावशीचा नंबर लावला. आईच्याच फोनवरून, हे माझ्या लक्षात आलं तोवर तिने उचललासुद्धा होता, आणि पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला. "मी आहे, मावशी," मी घाईने म्हटलं. "अगं बाई," ती म्हणाली, "नाव बघून बसलेच मी खाली. काय गं?" मी पुष्कळ प्रस्तावना केली. तिने एकदाही मधे टोकलं नाही. शेवटी मी म्हटलं, "आईला खडे नव्हते. लिव्हरची गाठ होती. ती जाळली, मग लिव्हरच गेलं. तिने कधी थेंबाला हात लावला नव्हता, तुला माहीत आहे, पण मामामुळे मला वाटलं, तुम्ही सगळे," आणि पुढे मला वाक्य जमेना.

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. तिनेच सांगितलं होतं, तुम्ही दवाखान्यातून आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू ऑफिसला गेल्यावर फोन केला. रोजच करायची दुपारची. सुपारीएवढी आहे म्हणाली, अडकित्त्याचं सांगितलं, हसलो आम्ही. आणि नंतर ते डोळेसुद्धा दाखवले फोनवर. म्हणाली, बघ, दादाची बहीण शोभते की नाही."

मी पलंगावर बसले. मग तू दर वेळी मला खडे कसे आहेत विचारायचीस, ते का, असं मी विचारलं असावं, कारण मावशी जरा थांबून, शब्द निवडत, जसं तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं तसं म्हणाली, "तिनेच सांगितलं होतं विचारत जा म्हणून. म्हणाली, पोरीला कळू देऊ नकोस तुला माहीत आहे ते. तिला माझी लाज वाटते. एवढ्याने तिला बरं वाटत असेल तर असू देत पोटात दोन खडे."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल खाली उतरवत होतं, पायरीपायरीवर ती आदळत होती. मावशी म्हणाली, "मी यायला हवं होतं. तू नको म्हणालीस तरी. तीच म्हणाली, नको येऊस, पोरीला तोंड लपवावं लागेल." मी म्हटलं, "मावशी, दुपारी तुम्ही काय बोलायचात?" "आता काय काय सांगू," ती म्हणाली, "दोन वर्षांचं आहे ते." आणि मग ती सांगायला लागली, कुठल्याशा शेजारणीपासून, आईच्या नकला करत, मधेच हसत, आणि मी फोन कानाशी धरून, कुठल्याही क्षणी माझं नाव निघेल या धास्तीने, ऐकत राहिले.